डोळ्यांना ऊन लागतं

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मराठीत उन्हाला आपण फारसं चांगलं बोलत नाही. "उन्हातान्हात उंडारू नकोस", "ऊन लागेल", "काळा पडशील". मूल घराबाहेर पडलं की त्याच्या पाठोपाठ यातलं एखादं वाक्य बाहेर पडतंच. 'उनाड' हा शब्द ऐकला की मला नेहमी वाटतं, याच्या पोटात ऊनच असणार. भाषेचे जाणकार ते मानणार नाहीत, पण आपल्या आयांनी तो शब्द त्याच अर्थाने वापरला. उलट जो मुलगा दिव्याखाली पुस्तकात डोकं घालून बसतो, तो गुणी. आज मला या गुणी मुलांच्या डोळ्यांविषयी बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे आणि रत्नागिरीजवळ पावसला राहतो. पण गेलं वर्षभर आमच्या घरात हा विषय रोजचा झाला आहे. मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं, आणि जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवतो आहे.

माझा पुतण्या कुवेतला नोकरी करतो. बायको आणि मुलगी इथे, आमच्याबरोबर. मुलगी नऊ वर्षांची. मला ती दादा म्हणते. आमच्याकडे आजोबांना दादा म्हणायची रीत आहे. दुसरीत असताना तिला फळ्यावरचं दिसेना, म्हणून शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली. तपासलं तर दोन्ही डोळ्यांचा नंबर उणे दीड. लांबचा चष्मा लागला. दोन वर्षांत तो नंबर उणे तीनवर गेला. प्रत्येक तपासणीनंतर तिची आई घरी येऊन गप्प बसायची. एका रात्री पुतण्याचा फोन आला. "चाचा, लाल दिव्याचं मशीन निघालंय. सकाळ-संध्याकाळ तीन-तीन मिनिटं त्यात बघायचं, नंबर वाढायचा थांबतो म्हणतात. पैशाचा प्रश्न नाही. पाठवू का?"

आमच्या घरात वाचणारा माणूस मी, त्यामुळे हो-नाही सांगायची जबाबदारी माझ्यावर आली. परदेशात राबणाऱ्या बापाला मुलीसाठी काहीतरी करायचं आहे, त्याला नुसतं 'राहू दे' म्हणून भागत नाही. कारण द्यावं लागतं.

कारण द्यायचं तर आधी नंबर म्हणजे काय ते कळायला हवं. पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा यायचा. यंत्र एका जागी, समोर पडदा. वाऱ्याने पडदा हातभर मागे गेला की नायिकेचा चेहरा पुसट व्हायचा आणि पोरं शिट्ट्या मारायची. डोळ्याचं असंच आहे. पुढे बुबुळ आणि भिंग, मागे पडदा. जन्मलेल्या बाळाचा डोळा पुढून मागे साधारण 17 मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा 23-24. वाढत्या वयात तो लांबत जातो आणि चित्र पडद्यावर नेमकं पडू लागलं की थांबतो. काही मुलांचा डोळा थांबत नाही. पडदा मागे सरकत राहतो, लांबच्या वस्तूचं चित्र पडद्याच्या अलीकडेच तयार होतं, आणि फळा पुसट दिसतो. डोळा एक मिलिमीटर जास्त लांबला की साधारण अडीच ते तीन नंबर येतो. म्हणजे आमच्या नातीच्या डोळ्याची जादा लांबी तांदळाच्या दाण्याच्या जाडीपेक्षाही कमी. एवढ्याशा फरकाने समोरचं झाड आहे की माणूस, हे कळेनासं होतं.

चष्मा ते चित्र मागे ढकलून पडद्यावर आणतो. पण लांबलेला डोळा तो आखूड करत नाही. म्हणून 'चष्मा लावला ना, मग झालं' एवढ्यावर हा विषय संपत नाही. नंबर फार वाढला, उणे सहाच्या पलीकडे गेला, तर ताणलेला पडदा पुढच्या आयुष्यात सुटू शकतो, त्याच्या मध्यभागी झीज होऊ शकते, काचबिंदूचा धोका वाढतो. 2019 मध्ये दोन अभ्यासकांनी हिशेब मांडून दाखवला की नंबर एकाने जरी कमी राहिला, तरी पडद्याच्या त्या झिजेचा धोका साधारण 40 टक्क्यांनी कमी होतो. उणे पाच आणि उणे सहा यांत फरक काय, असं आपण म्हणतो. फरक आहे.

आता हे होतं कशामुळे? 1867 साली ब्रेस्लाऊ शहरात, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफला, हेर्मान कोन नावाच्या नेत्रवैद्याने दहा हजार शाळकरी मुलांचे डोळे तपासले. खेड्यातल्या शाळांत हा दोष फार थोडा, शहरात जास्त, आणि वरच्या इयत्तेत जावं तसा वाढत गेलेला. पुस्तक डोळ्याजवळ धरून अपुऱ्या उजेडात वाचल्याने हे होतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि वर्गांना मोठ्या खिडक्या मागितल्या. पुढची शंभर वर्षं लोकांनी त्यांचं पुस्तकाचं म्हणणं लक्षात ठेवलं आणि खिडकीचं विसरले. नंतर आनुवंशिकतेकडे बोट गेलं. आईबापांना नंबर असेल तर मुलांना येण्याची शक्यता जास्त, हे खरंच आहे. पण एका-दोन पिढ्यांत माणसाचं रक्त बदलत नाही. सोल शहरात 2010 साली लष्करभरतीसाठी आलेल्या 19 वर्षांच्या मुलांपैकी 96 टक्क्यांहून अधिक जणांना लांबचं दिसत नव्हतं. त्यांच्या आजोबांच्या पिढीत असं काही नव्हतं.

मला स्वतःला सगळ्यात जास्त पटला तो 2008 सालचा एक अभ्यास. ऑस्ट्रेलियात सिडनीला आणि आशियात सिंगापूरला, दोन्हीकडच्या चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. वंश एक, आईबापांच्या चष्म्यांचं प्रमाणही जवळपास सारखं. सिंगापूरच्या मुलांत शंभरातल्या 29 जणांना नंबर, सिडनीत शंभरात तीन-साडेतीन जणांना. आणि गंमत अशी की सिडनीची मुलं पुस्तकं जास्त वाचत होती. फरक एकाच गोष्टीत मोठा सापडला. सिडनीची मुलं आठवड्याला पावणेचौदा तास घराबाहेर असत, सिंगापूरची तीन तास. पुस्तकावर शंभर वर्षं आळ होता. तो पूर्ण गेला असं नाही, पण जोडीला दुसरा आरोपी उभा राहिला: कोंडून राहणं.

बाहेर राहण्यात असं काय असतं? खेळ, मोकळी हवा, दूरवर जाणारी नजर? कोंबडीच्या पिल्लांनी उत्तर दिलं. जर्मनीत ट्यूबिंगेनला 2009 मध्ये प्रयोग झाला. पिल्लांच्या डोळ्यांवर पांढुरकी अर्धपारदर्शक झापड लावली की नीट चित्र न मिळाल्याने डोळा भलताच लांबतो. पण त्याच पिल्लांना रोज काही तास 15 हजार लक्स इतक्या लख्ख उजेडात ठेवलं, तर डोळा लांबायचं प्रमाण कमी झालं. लक्स हे उजेडाचं माप. पुढच्या वर्षी त्यांनी डोपामिन या द्रव्याचं काम अडवणारं औषध टोचलं, तेव्हा उजेडाचा तो गुण नाहीसा झाला. म्हणजे भरपूर उजेड पडला की डोळ्याच्या पडद्यात डोपामिन सुटतं आणि ते डोळ्याला 'आता पुरे, थांब' असं सांगतं, अशी आज सर्वसाधारण समजूत आहे. बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल-हैथम यांनी हजार वर्षांपूर्वी 'किताब अल-मनाझिर' या ग्रंथात मांडलं होतं की दृष्टी डोळ्यातून बाहेर जात नाही, बाहेरचा प्रकाश डोळ्यात येतो आणि म्हणून दिसतं. त्याच प्रकाशाने वाढत्या डोळ्याची लांबीसुद्धा ठरते, हे कळायला पुढची हजार वर्षं गेली.

मग हे माणसांच्या मुलांवर करून पाहिलं गेलं. तैवानच्या दक्षिण भागातल्या एका शाळेत मधल्या सुट्टीत वर्गातले दिवे बंद करून सगळ्या मुलांना बाहेर काढायचं ठरलं, रोजची मिळून 80 मिनिटं. 2013 मध्ये निष्कर्ष आले. वर्षभरात त्या शाळेत शंभरातल्या आठ-साडेआठ मुलांना नव्याने नंबर लागला. शेजारच्या शाळेत, जिथे असं केलं नव्हतं, तिथे साडेसतराहून अधिक मुलांना. चीनमध्ये ग्वांगझू शहरातल्या 12 शाळांत तीन वर्षं प्रयोग झाला. सहा शाळांत रोज 40 मिनिटांचा मैदानावरचा एक जादा तास, बाकीच्या सहा पूर्वीसारख्या. तीन वर्षांनी जादा तासवाल्या शाळांत 30 टक्के मुलांना नंबर लागला होता, दुसरीकडे साडे-एकोणचाळीस टक्के मुलांना. हे 2015 साली प्रसिद्ध झालं. तैवान सरकारने तर 2010 पासूनच रोज 120 मिनिटं मुलं बाहेर राहावीत अशी मोहीम शाळाशाळांत सुरू केली होती. वर्षानुवर्षं चढत चाललेला त्यांचा आकडा त्यानंतर उतरू लागला.

याची उलटी परीक्षा 2020 मध्ये सगळ्या जगाची झाली. टाळेबंदीत मुलं घरात अडकली. चीनमध्ये फेइचेंग इथे दरवर्षी शाळेत डोळे तपासले जातात. तिथे सहा वर्षांच्या मुलांत आधीच्या वर्षांत जास्तीत जास्त 5.7 टक्के असलेलं प्रमाण त्या एका वर्षी 21.5 टक्क्यांवर गेलं.

हे सगळं वाचल्यावर मला वाटलं, आपल्या पावसला उजेडाची काय कमी! पण बघावं तरी म्हणून मोबाईलवर उजेड मोजायची सोय घेतली आणि एका सकाळी गावभर हिंडलो. मोबाईलचं माप काही सराफाच्या काट्यासारखं नसतं, पण अंदाज येतो. दहाच्या सुमाराला सड्यावर, जांभ्याच्या उघड्या कातळावर, आकडा लाखाला टेकला. आंब्याच्या बागेत दाट सावलीतही काही हजार. पाखाडीवर, दोन्ही बाजूंच्या गडग्यांवर झाडं ओणवलेली, तिथेही हजारांतच. आमच्या खळ्यातून पडवीत आलो आणि आकडा शेकड्यांत आला. माजघरात साठ. नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर, दिवा लावून, दोनशे. डोळ्यांना मात्र या टेबलावर सगळं लख्ख वाटतं, काही कमी आहे असं जाणवतसुद्धा नाही. डोळा स्वतःला सांभाळून घेतो आणि आपली फसगत होते. तैवानच्या पुढच्या एका अभ्यासात दिसलं की हजार लक्सच्या वरचा उजेडही उपयोगी पडतो, म्हणजे झाडाची सावली पुरते. भर दुपारी पोरांना उन्हात भाजायचं कारण नाही, टोपी घालायला हरकत नाही, आणि सूर्याकडे तर कधीच टक लावून बघायचं नाही.

आमची जुनी घरं अंधारीच होती. पावसाची झड आत येऊ नये म्हणून छप्पर खाली उतरलेलं, खिडक्या हातभर. पण त्या घरात दिवसा बसायचं कोण? पोरांचा दिवस खळ्यात, आगरात, व्हाळात. विटीदांडू, लगोरी, आंब्याच्या दिवसांत राखणीच्या नावाखाली बागेतच मुक्काम. आता आखातातल्या पैशाने बंगले उभे राहिले. मोठ्या खिडक्या आल्या, पण त्यांना काळ्या काचा, आतून पडदे. आणि पोरं आत.

याचा अर्थ खेड्यात राहिलं म्हणजे डोळे सुरक्षित, असं आता उरलेलं नाही. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्या आहेत. आंध्रातल्या, आता तेलंगणात असलेल्या महबूबनगरच्या ग्रामीण भागात शंभरात चार मुलांना हा दोष होता, दिल्लीत सातहून थोड्या जास्त मुलांना. 2015 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी जवळजवळ दहा हजार शाळकरी मुलं तपासली तेव्हा हे प्रमाण 13 टक्क्यांवर गेलेलं होतं. रोज दोन तासांपेक्षा जास्त बाहेर खेळणाऱ्या मुलांत ते कमी होतं. पाच तासांहून जास्त वाचन-अभ्यास करणाऱ्यांत, खासगी शाळांत आणि मुलींमध्ये जास्त. या शेवटच्या शब्दाकडे मी नंतर येतो.

आता पुतण्याचा लाल दिवा. ही थापेबाजी नाही, हे आधी सांगतो. चीनमध्ये पाच ठिकाणी 264 मुलांवर रीतसर चाचणी झाली, 2022 मध्ये छापून आली. दिवसातून दोनदा, आठवड्यातले पाच दिवस, तीन मिनिटं त्या यंत्रातल्या लाल प्रकाशाकडे बघायचं. वर्षभरात नुसत्या चष्म्यावर असलेल्या मुलांचा डोळा 0.38 मिलिमीटर लांबला, लाल दिव्यावर असलेल्यांचा 0.13. आकडा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. हे वाचून एका रात्री मीही मनाने हो म्हणायच्या बेतात आलो होतो.

पुढचं वाचलं आणि थांबलो. 2023 मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीची हकिगत वैद्यकीय नियतकालिकात आली. पाच महिने यंत्र वापरल्यावर तिला दोन्ही डोळ्यांनी अंधुक दिसू लागलं आणि तपासणीत पडद्याच्या नेमक्या मध्यभागी इजा सापडली. यंत्र बंद केल्यावर दृष्टी काही प्रमाणात सुधारली. त्याच वर्षी चीनच्या नियामकांनी ही यंत्रं सर्वांत कडक तपासणीच्या वर्गात टाकली आणि तशी नोंदणी नसलेल्या यंत्रांची विक्री जुलै 2024 पासून बंद करायला लावली. 2024 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशी दोन यंत्रं मोजून पाहिली. तीन मिनिटांत डोळ्यात जाणारा प्रकाश सुरक्षिततेच्या मर्यादेला टेकतो किंवा ती ओलांडतो, असं त्यांना आढळलं. शिवाय वापर थांबवला की अडलेली वाढ पुन्हा वेग घेते, असंही काही अभ्यासांत दिसलं आहे. हा प्रकाश नेमकं काय करतो, तेही अजून नक्की ठरलेलं नाही. लेसरच्या जातीचा किरण आहे तो. खळ्यातला उजेड सगळीकडून येतो, आपण मान वळवली तरी येतो. हा किरण एका बारीक जागेवर धरलेला असतो आणि मुलाला सांगायचं, हलू नकोस, बघत राहा.

डॉक्टरांचं मत घेतलं. ते म्हणाले, "काका, पुढे कदाचित याची चांगली, सुरक्षित आवृत्ती येईल. पण माझी मुलगी असती तर आज मी तिला त्या यंत्रासमोर बसवली नसती." मी पुतण्याला हेच शब्द कळवले. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मग आपण काय करायचं, चाचा? नुसतं बघत बसायचं?"

नाही, बसायचं नाही. पण इथे एक बारकावा आहे, आणि तो सांगितल्याशिवाय उन्हाचं गुणगान करणं योग्य नाही. बाहेरच्या उजेडाचा मोठा फायदा नंबर लागायच्या आधी आहे. एकदा लागला की नंतर तो रोखण्यात उजेडाचा वाटा बराच लहान होतो. आमच्या नातीला नंबर लागून झाला होता, म्हणून तिला नुसतं अंगणात सोडून भागणार नव्हतं. डॉक्टरांनी रात्री झोपताना घालायचे अट्रोपिनचे अगदी सौम्य थेंब दिले. सिंगापूरमध्ये या 0.01 टक्के थेंबांवर मोठं काम झालं, हाँगकाँगमध्ये त्याहून थोड्या जास्त मात्रेवर. भारतीय मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2021 मध्ये आले आणि नंबर वाढण्याचा वेग कमी झाल्याचं त्यात दिसलं. हे औषध मूळचं बेलाडोना नावाच्या वनस्पतीतलं. आपला धोतरा त्याच कुळातला आणि तशीच विषारी द्रव्यं त्यात असतात. म्हणून हात जोडून सांगतो, हे भाषण ऐकून कोणी धोतऱ्याचा रस डोळ्यात घालू नये. आपल्याकडे असे प्रयोग करणारे कमी नाहीत. थेंब डॉक्टरांनीच द्यायचे आणि त्यांनीच बंद करायचे. खास बनावटीचे चष्म्याचे भिंगही आहेत, हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातून निघालेले. चाचणीत दोन वर्षांत त्यांनी वाढ निम्म्यावर आणली. ते महाग असतात आणि सगळीकडे मिळत नाहीत.

आणि साधा चष्मा पूर्ण नंबराचा, रोज लावायचा. 'चष्म्याची सवय लागली की नंबर वाढतो' हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मुद्दाम कमी नंबराचा चष्मा देऊन बघितलेले अभ्यास आहेत. त्याने वाढ थांबत नाही. आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट सांगतो. डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे जिल्ह्यातल्या ग्रामीण माध्यमिक शाळांत चष्मे दिलेल्या मुलांची पुन्हा पाहणी केली. 2013 साली ती छापून आली. पाहणीच्या वेळी दहातल्या तीनच मुलांच्या डोळ्यांवर चष्मा होता. बाकीच्यांचा घरी ठेवलेला, मोडलेला, हरवलेला. कारणांत 'मुलं चिडवतात' हे एक होतंच. दिल्लीच्या पाहणीतही योग्य चष्मा लावणारी मुलं चारात एकच निघाली. जगभरचे उपचार आपण शोधतो, आणि सरकारी कार्यक्रमात फुकट मिळालेला चष्मा कपाटात राहतो.

आता मुलींविषयी. आमच्या नातीचा एक दिवस मी वहीत लिहून काढला. सकाळी मकतब. मग रिक्षाने शाळा. मधल्या सुट्टीत डबा वर्गातच. संध्याकाळी शिकवणी, मग गृहपाठ, मग आईचा मोबाईल. आभाळाखाली एकूण बावीस मिनिटं, त्यातली बरीचशी रिक्षाची वाट बघण्यात. तिच्याच वयाचा शेजारचा मुलगा शिकवणी बुडवून क्रिकेट खेळतो. बोलणी खातो, पण दोन तास बाहेर असतो. तिला मी विचारलं, तू का जात नाहीस? तर म्हणाली, "आता मोठी झाले ना मी." नऊ वर्षांची मुलगी! हे तिला कोणी एकाने शिकवलेलं नाही. आमच्या मोहल्ल्यात हे बोललं जातं, तसं कुणबीवाडीतही, आणि रत्नागिरीच्या सदनिकांमध्येही. मुलगी दहाची झाली की अंगण आक्रसतं. डोळा तर त्या वयातही लांबत असतो. आणि चष्मा लागला की लग्नाच्या वेळी काय, ही काळजी पुन्हा तेच लोक करणार.

आम्ही काय बदललं? फार मोठं काही नाही. मकतबचे मौलवी समजूतदार निघाले. पावसाळा सोडून सकाळचा वर्ग अंगणातल्या फणसाखाली भरवायला ते तयार झाले. चटया बाहेर आल्या, एवढाच फरक. शाळेच्या मुख्याध्यापकांना तैवानच्या शाळेची हकिगत सांगितली. त्यांनी डबा ओट्यावर खायला लावला आणि सुट्टीत वर्गाला कडी घालायला सांगितली. दोन पालक तक्रार घेऊन आले की मुलं धुळीने माखतात. रिक्षा शाळेच्या अलीकडे पाखाडीच्या तोंडाशी थांबते, तिथून चार मुली चालत जातात. तिच्या आईने शिकवणीचे दिवस सहावरून तीनवर आणले, याला मात्र दोन महिने वाद झाले. संध्याकाळी मी स्वतः तिला आणि तिच्या मैत्रिणींना घेऊन सड्यावर जातो. म्हातारा बरोबर असला की कोणी काही बोलत नाही, हा एक शोध मला लागला. सड्यावरून समुद्र दिसतो. एकदा तिने चष्मा काढून बघितलं आणि विचारलं, "दादा, तुम्हाला त्या होड्या चष्म्याशिवाय पण वेगवेगळ्या दिसतात?"

गावाचं नावच पावस, मग चार महिन्यांच्या पावसाचं काय, असं मला बऱ्याच जणांनी विचारलं. ढगाळ दिवशी मी मुद्दाम मोजलं. जुलैत, आभाळ काळं झालेलं, सर नुकतीच थांबलेली, तेव्हाही खळ्यात आकडा तीन हजारांच्या वर होता. घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट. मुसळधार सर चालू असेल तेव्हा काही करता येत नाही, पण आपल्याकडे सरी थांबतातही. पडवीच्या अगदी कडेला, पागोळ्यांजवळ पाट टाकून बसलं तरी माजघरापेक्षा बरं. तैवानही काही कोरडा देश नाही.

थेंब, पूर्ण नंबराचा चष्मा आणि हे बाहेर राहणं, असं सुरू करून सहा महिने झाले तेव्हा तपासणी झाली. नंबर पावने वाढला होता. त्याआधी दर सहा महिन्यांना साधारण त्याच्या दीडपट वाढत असे. डॉक्टरांनी लगेच सांगितलं की एका मुलीच्या सहा महिन्यांवरून काहीही सिद्ध होत नाही, शिवाय यातलं थेंबांचं किती आणि उजेडाचं किती हे वेगळं काढता येणार नाही. वय वाढतं तसा वेग आपोआपही मंदावतो. ते सगळं मी तसंच्या तसं कुवेतला कळवलं. तिला एक धाकटा भाऊ आहे, साडेचार वर्षांचा, अजून नंबर नसलेला. डॉक्टरांचं जास्त लक्ष आता त्याच्याकडे आहे. उजेडाचा खरा उपयोग त्याला. पुढच्या तपासणीला दोघांनाही घेऊन या, असं त्यांनी सांगितलं आहे. दिवाळीच्या सुट्टीतली तारीख मिळाली आहे.